एक-दोन-तीनची कुळकथा

बोरिवलीची आयसी कॉलनी, मालाडचं ऑर्लेम, अंधेरीतलं मरोळ किंवा आंबोली. इथल्या कॅथलिक लग्नाच्या रिसेप्शनला ‘जेवून लवकर निघू’ म्हणत आलेल्या पाहुण्याची पंचाईत होते. जेवणाआधी वेडिंग मार्च, केक, टोस्ट आणि मग नवराबायकोचा पहिला वॉल्ट्झ. त्यांच्यामागून करवल्या, आईवडील, काकामामा उतरतात. नंतर फॉक्सट्रॉट, जाइव्ह आणि सगळ्यात शेवटी ‘मसाला’. हा क्रम पत्रिकेवर छापलेला नसतो, पण बँडमास्तरला तोंडपाठ असतो.

यातला वॉल्ट्झ आज अगदी सोज्वळ वाटतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीच्या खेड्यांतून तो शहरात आला, तेव्हा स्त्रीपुरुषांनी एकमेकांना धरून गिरक्या घेणं लोकांना सहन होत नव्हतं. 1816 मध्ये लंडनला राजपुत्राच्या मेजवानीत तो झाला, तर ‘टाइम्स’ने त्याला असभ्य म्हणून झोडपलं. तो वॉल्ट्झ वेगवान होता. आजही व्हिएनीज वॉल्ट्झ मिनिटाला तीन-तीन ठोक्यांच्या 58 ते 60 आवर्तनांचा, म्हणजे जवळजवळ 180 ठोक्यांचा असतो. विसाव्या शतकात इंग्रजांनी त्याची चाल संथ केली आणि स्पर्धेतला संथ वॉल्ट्झ 28 ते 30 आवर्तनांवर, म्हणजे 84 ते 90 ठोक्यांवर येऊन बसला.

संगीत निवडायचं म्हणजे आधी ठोके मोजायचे, ही शिस्त लावणाऱ्यांत व्हिक्टर सिल्व्हेस्टरचं नाव मोठं. 1922 चा हा जगज्जेता नर्तक. बाजारातल्या तबकड्यांवर नीट नाचता येत नाही, ही त्याची तक्रार होती. म्हणून 1935 मध्ये त्याने स्वतःचाच वाद्यवृंद उभा केला. गायक नको, हरकती नकोत, लय पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत तसूभरही हलायची नाही. ऐकायला ते संगीत जरा बेचव आहे, पण पावलांना बरोबर उमगतं.

मुंबईत मात्र ही शिस्त गोव्याच्या वाटेने आलेल्या वादकांच्या हातात पडली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या, विशेषतः सासष्टीच्या, जमीनदारांच्या दिवाणखान्यांत मांडो नाचला जाई. आधी संथ, विरहाचा मांडो, मग द्रुत दुलपद. संथाकडून द्रुताकडे चढत जायचं, हे त्या वादकांच्या हाडीमांसी मुरलेलं होतं. उपनगरातल्या रिसेप्शनचा क्रम लंडनच्या नियमावलीपेक्षा या सवयीला जवळचा आहे, असं मला वाटतं.

इथल्या गावठाणांतही बँड काही नाचासाठी प्रथम आला नाही. मरोळ, सहार, गोराई, मनोरीचे ईस्ट इंडियन कॅथलिक मूळचे इथलेच. घरातली बोली मराठी, आणि समाजाचं हे नाव 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलेलं. त्यांच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत जातात. अंगणातला बँड तयारच होता, त्याच्यासमोर लाकडी फरशी तेवढी नंतर आली.

शहरी वळण दिलं ते हॉटेलांनी. 1935 मध्ये अमेरिकेतला लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन ताजमध्ये आला. मिकी कोरिया 1939 पासून 1960 पर्यंत तिथेच वाजवत राहिला. हळदोण्याचा अँतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवर गाजला. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांची रया गेली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. त्यातले बरेच स्टुडिओ होते मालाड-गोरेगाव-अंधेरीत.

इथे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, भेटतात. गोरेगावच्या फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’त, 1947 मध्ये, त्यांनी रविवारी भेटायला बोलावणारं गाणं दिलं आणि नाचाच्या फरशीवरचा ठेका गल्लीबोळांत पोहोचवला. 1951 च्या ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरच दिसतो. त्याचे नायक भगवानदादा, त्यांच्या पावलांत बॉलरूम नव्हतं, पण मागच्या ट्रम्पेटमध्ये ताजचा दिवाणखाना होता.

मग हिंदी-मराठी गाण्यावर वॉल्ट्झ करता येईल का? हिशेबाने येतो. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. पण दादऱ्यात दुसरा भाग खालीचा, हलका. वॉल्ट्झला प्रत्येक तिनातली पहिली मात्रा जड लागते, कारण तिथेच मोठं पाऊल पडतं. तबल्याने खाली नीट दाखवली की जोडपं हमखास अडखळतं. गायक शब्दावर रेंगाळला तरी तेच. म्हणून जाणता बँडमास्तर गाणं निवडताना ढोलकी काढून टाकतो, ड्रमवर ‘धम-चिक-चिक’ ठेवतो आणि मुखडा दोनदा वाजवून अंतऱ्याला कात्री लावतो.

शब्दांकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. ‘टेनेसी वॉल्ट्झ’, जो 1950 मध्ये पॅटी पेजने गाजवला, त्यात मैत्रीण प्रियकराला पळवून नेते. ‘द लास्ट वॉल्ट्झ’, 1967 चा, मद्रासमध्ये जन्मलेल्या एंगलबर्ट हम्परडिंकचा. त्यात प्रेम संपतं. अशी गाणी बिनदिक्कत लग्नात वाजतात. नवरानवरीच्या कानी ‘एक-दोन-तीन’ पोहोचलं की पुरे.

मसाल्याच्या वेळी तर सगळेच हिशेब बुडतात. कोकणी गाणी, ईस्ट इंडियन मराठी गाणी, लंकेहून आलेली ‘सुरांगनी’, आणि पोरांसाठी बर्डी डान्स, जो वेर्नर थॉमस या स्विस ॲकॉर्डियनवाल्याने 1950च्या दशकात रचला. इथे निवडीचा निकष एकच : कोपऱ्यातल्या आजी उठल्या का? बॉलरूमच्या गुरुजींना हा निकष पटणार नाही. मला तो स्पर्धेच्या परीक्षकाइतकाच कडक वाटतो. आजी उठल्या नाहीत तर बँडला पुढचं लग्न मिळत नाही.

अलीकडे निवडीत आणखी एक जण बसतो : घड्याळ. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. जिमखान्याच्या किंवा चर्चच्या मैदानावरच्या रिसेप्शनला पूर्वी मध्यरात्र उलटे, आता साडेनवालाच एमसी खुणा करू लागतो. वेळ कमी पडली की आधी फॉक्सट्रॉट गळतो, कारण तो येणारे थोडे. वॉल्ट्झ दोन मिनिटांवर येतो, पण सुटत नाही. बऱ्याच ठिकाणी बँड गेले, डीजे आले, तरी त्यांच्या लॅपटॉपवर वॉल्ट्झची वेगळी यादी असतेच. जाइव्ह आणि मसाला मात्र कापायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही.