सुरतेची सदर अदालत

सुरत म्हटले की मराठी माणसास 1664 ची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. परंतु हेच शहर पुढे सात वर्षे मुंबई इलाख्यातील अपिलांचे अखेरचे ठाणे होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

1800 साली नबाबाने सुरतेचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्या काळी शेवटचे अपील मुंबईस, गव्हर्नर व त्याचे कौन्सिल यांच्यापुढे चाले. म्हणजे राज्य करणारेच न्यायासनावरही बसत! 1820 मध्ये ही रीत मोडून सुरतेस सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत स्थापन झाली. जिल्हा न्यायाधीशाचा निवाडा कायम करावयाचा की फिरवावयाचा, हे आता येथे ठरू लागले.

पण निवाडा तपासावयाचा तो कोणत्या कायद्याने? वारसा, दत्तक, वाटणी अशा वादांत इंग्रज न्यायाधीश शास्त्र्यांची व्यवस्था मागवीत. संस्कृत न जाणणाऱ्यास ती पडताळून पाहण्याची सोय नसे. चुकलेल्या निवाड्याने एखाद्या विधवेचे घर जावयाचे. ही उणीव हॅरी बोरोडेल या अधिकाऱ्याने ओळखली. नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’चे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर 1827 साली सुरतेतच छापले गेले. नीलकंठ मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातला. त्याचा ग्रंथ गुजरातच्या सावकारांच्या वाटण्या ठरवू लागला, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मिताक्षरेशी विरोध आल्यास मयूखासच मान मिळे.

त्याच वर्षी एल्फिन्स्टनची संहिता झाली आणि अदालत मुंबईस गेली. तेथे 1824 पासून राजाचे सुप्रीम कोर्ट होतेच. 1828 मध्ये पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलास हजर करण्याचा हुकूम त्या कोर्टाने काढला. गव्हर्नर माल्कमने तो बजावू दिला नाही. संतापून न्यायमूर्ती ग्रँट यांनी 1829 साली कोर्टच बंद ठेवले! अखेर प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला तो सरकारच्या बाजूने: बेटाबाहेरच्या देशी रयतेवर कोर्टाची अशी हुकमत नाही.

ही दुफळी 1862 साली मिटली. 14 ऑगस्टला मुंबई हायकोर्ट उघडले आणि दोन्ही न्यायालये त्यात विलीन झाली. 1861 च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने अपिलाखालच्या साऱ्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार हायकोर्टास मिळाला. आज तो राज्यघटनेच्या 227 व्या कलमात आहे. अपिलाप्रमाणे सगळा पुरावा नव्याने तोलावयाचा, असा त्याचा अर्थ नव्हे. खालच्या कोर्टाने मर्यादा ओलांडली काय, एवढेच त्यात मुख्यतः पाहतात.

सुरतेची अपिले मात्र 1 मे 1960 पासून मुंबईऐवजी अहमदाबादेस जाऊ लागली.