नहुश्तान : पितळी साप आणि पहिली आज्ञा

एकाच परमेश्वराची आराधना करावी आणि कोरीव मूर्ती घडवून तिची सेवा करू नये, ही आज्ञा निर्गम (२०:३-५) व अनुवाद (५:७-९) या दोन्ही ग्रंथांत आढळते. मूळ मजकुरात आज्ञांना क्रमांक नाहीत. संत ऑगस्टीन यांच्या क्रमानुसार कॅथलिक व लुथरन परंपरा मूर्तिनिषेधाचा समावेश पहिल्या आज्ञेतच करतात. अन्य अनेक प्रॉटेस्टंट पंथ ती दुसरी आज्ञा मानतात. त्यामुळे ‘कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली’ हा आरोप निराधार ठरतो. मात्र मुलांना पाठ करावयास दिलेल्या संक्षिप्त आज्ञांतून हा भाग निसटतो, हेही प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

आज्ञेचा गाभा समजून घेण्यासाठी पितळी सापाचा वृत्तान्त विशेष उपयुक्त आहे. अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना विषारी सापांनी दंश केला. मोशेने मध्यस्थी केली, तेव्हा परमेश्वरानेच त्याला साप घडवून खांबावर उभारण्यास सांगितले. त्याच्याकडे पाहणारा वाचत असे (गणना २१:४-९). सीनाय पर्वतावर मूर्तींचा निषेध करणाऱ्यानेच ही प्रतिमा घडवून घेतली!

पुढे काही शतके लोटली. इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस यहुदाचा राजा हिज्कीया याने उच्च स्थाने उद्ध्वस्त केली आणि त्यांबरोबर मोशेने घडविलेला तो सापही फोडून टाकला. कारण लोक तोपर्यंत त्याच्यापुढे धूप जाळीत होते (२ राजे १८:४). त्या सापाला ‘नहुश्तान’ म्हणत. हिब्रू भाषेतील ‘साप’ व ‘पितळ’ या दोन्ही शब्दांचा ध्वनी या नावात आहे.

साप तोच होता, धातूही तोच. पाहणाऱ्यांची दृष्टी पालटली होती. जे चिन्ह होते तेच तारणारे ठरू लागले. ज्ञानग्रंथ (१६:५-७) नेमका हाच भेद सांगतो : वळून पाहणाऱ्याला त्या वस्तूने नव्हे, तर सर्वांच्या तारणाऱ्याने वाचविले. प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना याच सापाचा दाखला स्वतःच्या क्रुसाला लावला (योहान ३:१४).

येथे एक अडचण उभी राहते. धूप तर आपणही क्रुसापुढे व संतांच्या प्रतिमांपुढे दाखवतो. मग हिज्कीयाने आपल्या मंदिरात काय केले असते? या प्रश्नाला इ. स. ७८७ मधील निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेने उत्तर दिले आहे. प्रतिमांना धूप व दीप अर्पण करण्यास या सभेने मान्यता दिली. परंतु असे वंदन म्हणजे सन्मान होय, खरी आराधना केवळ परमेश्वराचीच, असे तिने बजावले. संत बेझिल यांच्या विचाराचा आधार घेऊन, प्रतिमेचा मान मूळ व्यक्तीला पोहोचतो, असेही तिने सांगितले. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा (२१३२) तेच सांगते. शिवाय सत्ता, सुखोपभोग, वंश, राज्यसंस्था व पैसा यांना देवाच्या जागी बसविणे हीही मूर्तिपूजाच, असे ती नमूद करते (२११३).

आपल्या बाकांवर अधूनमधून सापडणारे कागद या संदर्भात आठवतात : ‘ही प्रार्थना नऊ दिवस करा, नऊ प्रती मंदिरात ठेवा, इच्छा हमखास पूर्ण होईल, साखळी तोडल्यास संकट येईल.’ वर एखाद्या संताचे चित्र असते आणि शब्द भक्तीचे असतात. पण येथे भरवसा ठेवला जातो तो प्रतींच्या संख्येवर. असा कागद हाती आल्यास तो निर्धास्तपणे फाडून टाकावा.