महाराज कोर्टात आले तेव्हा

फोर्टात लायन गेटसमोर ग्रेट वेस्टर्न नावाची जुनी इमारत आहे. मुंबईचं हायकोर्ट व्हायच्या आधी सुप्रीम कोर्ट होतं, ते इथे भरत असे. मी एकोणतीस वर्षं कोर्टात दुभाषी होते. गुजराती साक्ष ऐकायची आणि इंग्रजीत किंवा मराठीत सांगायची, हे माझं काम. नोकरीत असताना मी या इमारतीवरून शेकडो वेळा गेले असेन, पण इथे काय घडलं ते मला निवृत्तीनंतर, 1862 साली छापलेला ‘महाराज लायबल केस’चा अहवाल वाचताना कळलं. अहवाल इंग्रजी आहे. पण एवढी वर्षं हेच काम केल्यामुळे, पुष्कळ साक्षीदारांच्या इंग्रजी वाक्याखालची गुजराती मला ऐकू येत होती.

गोष्ट सुरू होते ती खटल्याच्याही आधी, 1859 साली. पुष्टिमार्गी वैष्णवांच्या गुरूंना तेव्हा ‘महाराज’ म्हणत. भाटिया, लोहाणा, कपोळ वाणी हे मुंबईतले बडे व्यापारी त्यांचे शिष्य. कापूस, कापड, साखर, ज्याचा धंदा असेल त्याच्या उलाढालीवर हवेलीचा, म्हणजे त्यांच्या मंदिराचा, लागा (कर) बसलेला असे. एका महाराजांना कोर्टात हजर राहायची पाळी आली, तेव्हा हवेलीची दारं बंद झाली. दर्शनाशिवाय अन्नाला न शिवणारी माणसं ही. त्यांच्यापुढे एक कागद आला: महाराजांना कोर्टात खेचलं जाणार नाही याची तजवीज आम्ही करू. सह्या झाल्या आणि दारं उघडली. करसनदास मुळजी या तरुण पत्रकाराने त्या कागदाला नाव दिलं ‘गुलामीखत’. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली याच कागदात आहे. महाराजांना भीती पापाची नव्हती, साक्षीच्या पिंजऱ्याची होती.

करसनदास स्वतः वैष्णव घरातले, कपोळ वाणी, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले. विधवाविवाहावर निबंध लिहिला म्हणून ज्या नातलग बाईने वाढवलं तिनेच त्यांना घराबाहेर काढलं होतं. 1855 साली त्यांनी ‘सत्यप्रकाश’ काढलं. 21 ऑक्टोबर 1860च्या अंकात त्यांनी हिंदूंचा मूळ धर्म आणि सध्याचे पाखंडी पंथ यांवर लेख लिहिला. त्यात सुरतेहून मुंबईत आलेल्या जदुनाथजी महाराजांचं नाव घेतलं, आणि तन-मन-धन अर्पण करण्याच्या नावाखाली शिष्यांच्या बायकामुलींना भ्रष्ट केलं जातं असं उघड लिहिलं. महाराजांनी करसनदास आणि छापखान्याचे नानाभाई राणीना यांच्यावर पन्नास हजारांची अब्रूनुकसानी लावली. ज्या दारातून आत जायचं नाही म्हणून महाराज मंडळींनी गुलामीखत लिहून घेतलं, तेच दार जदुनाथजींनी आपल्या हाताने ठोठावलं. कोणी तोंड उघडणार नाही याची त्यांना खात्री असावी, याखेरीज मला दुसरं कारण दिसत नाही.

खात्रीला आधारही होता. सप्टेंबर 1861मध्ये भाटिया ज्ञातीची सभा भरली आणि ठरलं की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. जातीबाहेर म्हणजे मुलीचं लग्न मोडलं, पेढीचा व्यवहार बंद, मयताला खांदा देणारा नाही. करसनदासांनी इथे जे केलं त्याचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं. त्यांनी मुख्य खटला बाजूला ठेवून साक्षीदारांना धमकावण्याचा कट केला म्हणून फिर्याद लावली. नऊ पुढारी दोषी ठरले. दोघांना हजार-हजार, बाकीच्यांना पाचशे-पाचशे रुपये दंड झाला. आधी साक्षीदाराची वाट मोकळी केली, मग खटला लढवला.

मुख्य सुनावणी 1862च्या जानेवारीत सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ अर्नोल्ड यांच्यासमोर सुरू झाली आणि मार्चच्या सुरुवातीला संपली. कोर्टात पाय ठेवायला जागा नसे. महाराज स्वतः पिंजऱ्यात आले, उलटतपासणीला तोंड दिलं आणि सगळं नाकारलं. मग डॉ. भाऊ दाजी लाड उभे राहिले. गोव्याहून लहानपणी मुंबईत आलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. त्यांनी शपथेवर सांगितलं की महाराजांवर आपण उपचार केले आणि त्यांना गरमी हा गुप्तरोग झाला होता. इंग्रजी कायद्यात गुप्ततेचं कवच वकिलाला होतं, डॉक्टरला नव्हतं. तरी त्या शहरात, श्रीमंत गुजराती घरांत ज्याची ऊठबस, त्या माणसाला हे वाक्य उच्चारणं किती जड गेलं असेल! लखमीदास खिमजींसारखे भाटिया शिष्यही ज्ञातीच्या ठरावाला न जुमानता बोलले.

22 एप्रिल 1862ला निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. नीतीने जे वाईट ते धर्माने चांगलं ठरू शकत नाही, हा करसनदासांचा मुद्दा अर्नोल्ड यांनी उचलून धरला. पुष्टिमार्ग खरा की नवा, यात कोर्टाने घातलेलं डोकं मला आजही पटत नाही. साहेबाने आमची शास्त्रं तपासायची गरज नव्हती, माणसाने काय केलं एवढं तपासणं पुरेसं होतं. करसनदासांना खर्चापोटी साडेअकरा हजार मिळाले, पण झाला होता तेरा हजार. पुढे विलायतेला गेले म्हणून जातीने त्यांना टाकलं, आणि 1871 साली, चाळिशीही न गाठता ते वारले.

या अहवालात एक पोकळी आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाल्याचं सगळे पुरुष सांगत होते, त्यांतली एकही बाई पिंजऱ्यात आली नाही.

ती बाई मी दीडशे वर्षांनी पाहिली. एका आश्रमातलं प्रकरण होतं, मुलगी अल्पवयीन, साक्ष आईची. पोलिसांपुढे तिने सगळं सांगितलं होतं. कोर्टात प्रश्न विचारला की ती आधी मागच्या बाकांकडे बघे. तिथे संस्थेची सात-आठ माणसं हाताची घडी घालून बसलेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “मने खबर नथी.” मी भाषांतर केलं, “मला माहीत नाही.” तीन वेळा केलं. सरकारी वकिलांनी ती फितूर झाल्याचं नोंदवायला सांगितलं. शब्दाला शब्द मी बरोबर दिला होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कायदा आता 1862चा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012च्या पॉक्सो कायद्यामध्ये धार्मिक संस्थेतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला बलात्कार अधिक गंभीर गुन्हा मानला जातो, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016चा कायदा केला. आसाराम या आश्रमवाल्या गुरूच्या खटल्यांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, त्यावरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. 1861 साली करसनदासांना जे स्वतः फिर्याद लावून करावं लागलं, ते आता सरकारवर बंधनकारक आहे.

पण मागच्या बाकांवर कोण बसणार हे कायदा ठरवत नाही. त्या आईच्या बाजूचं तिथे कोणीच नव्हतं, भाऊ नव्हता, शेजारीण नव्हती. तुमच्या ओळखीतली एखादी बाई अशा प्रकरणात साक्षीला उभी राहणार असेल, तर तारीख विचारून घ्या आणि तिच्याबरोबर जा. अशा सुनावण्या बहुतेकदा बंद दाराआड होतात, आत सोडलं नाही तर बाहेरच्या बाकावर बसा. तिने वळून पाहिलं, बाहेर आली, तर तुम्ही दिसला पाहिजेत.