शिकाऊ विमानाचा खरेपणा



घरोघरी संगणक आले, त्याबरोबर एक नवा छंदही घरात शिरला. टेबलावर पडदा, हातात दांडी, पायांशी दोन पेडल, आणि घरबसल्या विमान चालवायचे. या साधनाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. त्यात शेकडो विमाने मिळतात. दिसायला सगळी हुबेहूब. मग ज्याला मनापासून शिकायचे आहे तो विचारतो, यांतले खऱ्या शिकाऊ विमानासारखे वागणारे कोणते? वरवर हा प्रश्न पोराटोरांच्या खेळातला वाटतो. परंतु त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसांचे प्राण गेलेले आहेत.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्यांनी विमानावर काय बोलावे, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, कोणत्याही कारखान्यात सर्वांत अधिक धोका नवशिक्याला असतो, आणि ज्या यंत्रावर तो शिकतो त्याविषयी तोंड उघडण्याची सोय त्यालाच सर्वांत कमी असते. गिरणीतली जुनी मंडळी सांगत, की चांगला साचा जुन्या माणसाकडे आणि कुरकुरणारा साचा बदलीवाल्याकडे. विमानविद्येतही हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांचे पुष्कळ तरुण वैमानिक रणांगणावर पोचण्यापूर्वी, शिकतानाच मेले. त्या वेळची रीत अशी होती, की विमान गिरकीत सापडेल असे काही करूच नका, असे नवशिक्याला बजावायचे. पुढे एकटा असताना तो गिरकीत सापडला, की काय करावे हे त्याला ठाऊक नसे. १९१७ साली गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने ही रीत उलटी केली. ॲव्रो ५०४ या विमानात गुरू आणि शिष्य दोघांनाही दांडी दिली, बोलण्यासाठी मध्ये एक नळी बसवली, आणि ज्या संकटांपासून शिष्याला दूर ठेवीत त्या संकटांतच त्याला मुद्दाम, पुरेशा उंचीवर, गुरूच्या देखत नेले. संकट कशाने येते आणि त्यातून बाहेर कसे पडायचे, हे हातांना शिकवले. आजच्या विमानशिक्षणाचा पाया हाच आहे.

यातून आम्ही एक भेद काढतो. धोका दोन प्रकारचा असतो. एक धोका उडण्याच्या अंगचाच आहे. वेग फार कमी झाला, की पंखावरून वाहणारी हवा तुटते आणि पंख भार पेलत नाही. याला स्टॉल म्हणतात. दुसरा धोका यंत्राच्या खोटीचा, म्हणजे सदोष इंजिनाचा किंवा कच्च्या बांधणीचा. शिकाऊ विमानाने पहिला धोका स्पष्ट दाखवला पाहिजे आणि दुसरा जवळपास फिरकू देता कामा नये. आमच्या मते खरेपणाची कसोटी ती हीच.

जमिनीवर बसून शिकण्याची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करीत असे. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या लोकांना ऑर्गन आणि त्याचा भाता काय ते सांगायला नको. लिंकने तेच भाते आणि झडपा घेऊन १९२९ च्या सुमारास एक खोटे विमान केले. दांडी हलवली की भाते फुगत-मिटत आणि खोके डोलत असे. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या करमणुकीचे. मग १९३४ साली अमेरिकेत टपाल नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवण्यात आले. ढगांत नुसत्या उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही महिन्यांत दहाहून अधिक माणसे मेली. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी बनली. शिष्य झाकण लावलेल्या खोक्यात बसे, आणि बाहेर गुरूच्या टेबलावरच्या नकाशावर एक छोटे चाकाचे यंत्र त्याच्या मार्गाची रेघ ओढीत जाई. घरच्या सिम्युलेटरचा आजोबा तो हाच.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पण शिकायची विमाने परदेशी होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तिच्या कारखान्यातून १९४१ साली जे पहिले विमान उडाले ते हार्लो जातीचे, म्हणजे शिकाऊ विमानच होते. मात्र त्याचा आराखडा अमेरिकन होता.

आराखडाही आपला असावा, ही उणीव भरून काढली ती एका मराठी माणसाने. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडच्या हसूर गावचा. त्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पंखालगतच्या हवेच्या पातळ थराचे शास्त्र मांडणारे प्रांट्ल ते हेच. परत आल्यावर घाटगे बंगळूरच्या कारखान्यात रुजू झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान रेखाटले, आणि ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. त्यापूर्वी आपली मुले टायगर मॉथवर शिकत. ते लाकूड, नळ्या आणि कापड यांचे दुपंखी विमान. एचटी-२ सबंध धातूचे, एकपंखी, एकामागे एक दोन आसनांचे आणि कसरतींना समर्थ होते. सुमारे १५५ अश्वशक्तीचे इंजिन, आणि तिसरे चाक शेपटाखाली. शेपटाखाली चाक असलेले विमान जमिनीवर धावताना जरा दुर्लक्ष झाले की तोंड फिरवते. उतरल्यावरही सुकाणूवरचा पाय सैल सोडता येत नाही. पावणेदोनशेच्या आसपास एचटी-२ तयार झाली. पुढे घाना देशालाही १२ विमाने दिली गेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या कामगारांनी ठोकलेल्या पत्र्यांवर आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या उडायला शिकल्या, हे आम्हांला मोठ्या अभिमानाचे वाटते.

पण इतिहास सगळाच अभिमानाचा नसतो. एचटी-२ च्या जागी पुढे एचपीटी-३२ हे विमान आले. त्याचे पहिले उड्डाण १९७७ चे. यात इंजिन हवेत बंद पडण्याची खोट होती. २००९ च्या जुलैमध्ये दोन शिक्षक एका अपघातात ठार झाले, तेव्हा ते जमिनीवर उभे करण्यात आले. तोवर १७ अपघातांत १९ वैमानिक गेले होते. वायुदलाने मग स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस विमाने घेण्याचा करार २०१२ साली केला. देशी एचटीटी-४० चे पहिले उड्डाण २०१६ साली झाले आणि ७० विमानांचा करार २०२३ साली. शिष्य असो की गुरू, कोणाच्याही चुकीविना ओढवणारा जो धोका, तो दुसऱ्या प्रकारचा. आणि त्याची दखल पंचवीसतीस वर्षांनी घ्यायची नसते.

घरच्या पडद्यावर नेमकी उलट खोट आढळते. तिथे कोणी मरत नाही, म्हणून विक्रीच्या सोयीसाठी पहिला धोकाच पुसून टाकलेला असतो. ब्रूस आर्टविक यांनी १९७९ च्या सुमारास छोट्या संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम केला. त्याचाच अवतार १९८२ साली मायक्रोसॉफ्टने आणला, त्यात सेस्ना १८२ हे विमान होते. अशा कार्यक्रमांत विमान दोन रीतींनी वागवतात. एका रीतीत, अमुक वेगाला अमुक उचल, अशी आकड्यांची कोष्टके भरून ठेवतात. दुसऱ्या रीतीत पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा हवेचा जोर क्षणोक्षणी मोजतात. एक्स-प्लेन हा कार्यक्रम या रीतीचा. कोणतीही रीत असो, काम कसून केले असेल तर विमान खरे, नाहीतर रंगवलेला पत्रा.

मग निवडायचे कसे? आमची सूचना अशी, की सेस्ना १५२, सेस्ना १७२ किंवा टायगर मॉथ यांसारखे, ज्यावर खऱ्या माणसांच्या पिढ्या शिकल्या, ते साधे विमान घ्यावे. त्याची खरी चालनपुस्तिका मिळवावी आणि एकेक गोष्ट पडताळावी. पूर्ण जोर देऊन धावताना सेस्नाचे तोंड डावीकडे ओढले गेले पाहिजे. टायगर मॉथचे इंजिन उलट्या दिशेने फिरते, म्हणून ते उजवीकडे ओढते. दोन्ही विमाने सरळ रेषेत धावत असतील तर ती परत करावीत. सुकाणू न वापरता नुसते कलवले, तर नाक क्षणभर उलट बाजूला गेले पाहिजे. इंजिन बंद करून सुमारे ६५ नॉट वेग धरला, तर सेस्ना १७२ ने हजार फूट उतरताना वारा नसता पावणेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर काटले पाहिजे. सुकाणू वाकडे ठेवून स्टॉल केला, तर एक पंख आधी पडला पाहिजे. आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत, उकाडा असला तरी, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. गरम हवेची कळ ओढण्याची गरज पडली, तर विमान केलेल्याने अभ्यास केला आहे असे समजावे.

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. घरातले तास सरकारी परवान्याच्या हिशेबात धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याला २०० तास खरे उडावेच लागते. खुर्चीत बसल्याजागी पोटात गोळा येत नाही, अंगावर भार येत नाही. परंतु उपकरणांवरून नजर फिरवण्याची, क्रमाने कामे करण्याची आणि पुस्तिका वाचण्याची सवय घरात निश्चित लागते. लिंकच्या खोक्याने शिकवले तेही हेच.

मिरजोळ्याच्या धावपट्टीवरून उठणारी तटरक्षक दलाची विमाने आपली मुले रोज पाहतात. त्यांतल्या एखाद्याला उद्या तिथवर जायचे असेल, तर आज पडद्यावर त्याला लाड करणारे विमान देऊ नका. चूक झाली की लगेच, स्पष्टपणे सांगणारे विमान द्या. आणि तो खऱ्या विमानात बसेल तेव्हा त्या यंत्राची खोट निर्भयपणे सांगण्याचा अधिकार त्याला असेल, यासाठी आपण मोठ्या माणसांनी जागे राहिले पाहिजे.