'लेबर गॅझेट' : मुंबईच्या कामगार इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना
शासकीय नियतकालिकांकडे अभ्यासक बहुधा आकडेवारीचा तयार साठा म्हणून पाहतात. ती आकडेवारी कोणत्या हेतूने व कोणत्या पद्धतीने सिद्ध झाली, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट' या मासिकाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उदय
पहिल्या महायुद्धानंतरची महागाई आणि १९१९ व १९२० मधील गिरणी संप यांमुळे कामगारांच्या स्थितीची नियमित माहिती सरकारला आवश्यक वाटू लागली. १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन झाले. जी. फिंडले शिरास त्याचे संचालक होते. सप्टेंबर १९२१ मध्ये 'लेबर गॅझेट'चा पहिला अंक निघाला. औद्योगिक तंटे, किरकोळ किमती आणि जुलै १९१४ हा पाया मानून काढलेला निर्वाह खर्चाचा निर्देशांक त्यातून प्रसिद्ध होऊ लागला.

आकडे आणि वास्तव
१९२१-२२ मध्ये कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगाराच्या आहारातील धान्य दुष्काळ संहितेतील कमाल प्रमाणाइतके, परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीतील प्रमाणापेक्षा कमी आहे, असे त्यात नोंदविले होते. गिरण्यांतील वेतनावर याहून कठोर भाष्य क्वचितच झाले असेल, आणि ते सरकारी अहवालातील होते. तथापि निर्देशांकाचे भारांक या कुटुंबांच्या खर्चावरून नव्हे, तर देशातील एकूण उपभोगाच्या अंदाजावरून ठरले होते. १९३२-३३ च्या कौटुंबिक पाहणीवर आधारलेली नवी मालिका १९३७ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत कामगारांच्या नावाने प्रसिद्ध होणारा निर्देशांक त्यांच्या प्रत्यक्ष खर्चाचा निदर्शक नव्हता.

निर्देशांक आणि संघर्ष
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला आणि सांख्यिकीतील त्रुटी थेट वेतनातील तूट ठरू लागली. निर्देशांक वास्तव महागाईपेक्षा कमी दाखविला जातो, या आक्षेपावरून १९६३ मध्ये मुंबईतील कामगार संघटनांनी आंदोलन केले. शासनाने डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने निर्देशांकातील उणिवा मान्य करून दुरुस्ती सुचविली.

निष्कर्ष
औद्योगिक शांततेसाठी सरकारने निर्माण केलेले हे साधन पुढे कामगारांनी आपल्या हक्कासाठी वापरले. म्हणून 'लेबर गॅझेट'मधील आकडा उद्धृत करताना त्यामागील पाया व भारांक तपासणे, हे इतिहासकाराचे आद्य कर्तव्य ठरते.