ओलीची पैमाईश

दिव्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तळोजा मागे पडले की नावडे रोड हे स्थानक येते. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीची धुराडी आणि सिडकोच्या आखणीनुसार उभ्या राहिलेल्या उंच इमारती यांच्या मधल्या फटीत तेथे अद्यापि काही सखल, गवताने माजलेल्या जमिनी दिसतात. त्यांचे बांध खचलेले असले तरी चौकोन ओळखू येतात, आणि मृगाचा पाऊस पडून त्या चौकोनांत पाणी साचले म्हणजे ही कोणे एके काळची भातखाचरे होत, हे पाहणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. या भूमीची मोजणी अनेकदा झाली. राज्यकर्त्यांनी ती महसुलासाठी मोजली, रेल्वेने मार्गासाठी मोजली, 17 मार्च 1970 रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नव्या नगरासाठी मोजली. आणि आता शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह तिच्याकडे पाहून एक वेगळाच प्रश्न विचारीत आहेत, तो हा की, या मातीत पाणी किती? प्रश्न यंत्राला नवा असला तरी मातीला नवा नाही. त्याचे आकाशातून आलेले उत्तर खरे की खोटे हे ठरविण्यासाठी अखेर कोणाला तरी शेतात उतरून, गुडघे टेकून, माती हाती घ्यावी लागते, आणि त्या हाताचा इतिहास बराच मागे जातो.

आपल्या भाषेनेच या विषयाची पहिली परिमाणे घडविली आहेत. पाऊस उघडल्यावर शेतकरी मूठभर माती दाबून तिचा गोळा करतो, तो खाली सोडतो, आणि गोळा चिकटून न राहता मोकळा फुटला तर शेतास वाफसा आला असे म्हणतो; वाफसा म्हणजे नांगरास व बियाण्यास मानवेल इतकीच ओल, न कमी, न अधिक. वरच्या पावसाचे पाणी मुरत जाऊन खालच्या जुन्या ओलाव्यास मिळाले की 'ओलीला ओल भिडली' हे तो समाधानाने सांगतो, आणि हे भिडणे वरून दिसत नसल्यामुळे ते पाहण्यास त्याला कुदळीने उकरावे लागते. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, भातपट्ट्यात भात कापून झाल्यावर त्याच खाचरात वाल टाकतात. त्यास वेगळे पाणी देत नाहीत. तो वाल जमिनीच्या अंगओलीवर येतो. ज्या प्रदेशात एक संपूर्ण पीक जमिनीने राखून ठेवलेल्या पाण्यावर उभे राहते, तेथे ओलीचा अंदाज हा कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा हिशेब असतो.

राज्यकर्त्यांनी मात्र आरंभी क्षेत्र पाहिले. शिवकालात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली झालेल्या जमीनपाहणीत पाच हात पाच मुठींची काठी हे मान धरले गेले. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, अशी ती गणना होती. त्या व्यवस्थेतही जमिनीची प्रत पाहिल्यावाचून धारा ठरत नसे, कारण खडकाळ बिघा आणि गाळवट बिघा यांना एकच आकार लावणे अन्यायाचे होते. काठीने लांबी-रुंदी सांगितली तरी मातीच्या अंतरंगाबद्दल काठी मुकी असते, आणि तेथे पाटील-कुळकर्ण्यांचा व जाणत्या रयतेचा अनुभव हाच दाखला मानावा लागे.

पेशवाई गेल्यावर इंग्रज अमलात या अनुभवास कोष्टकाचे रूप देण्याचा यत्न झाला. प्रिंगल यांनी पुणे प्रांतात केलेली पहिली पैमाईश अतिसूक्ष्म हिशेबाच्या मोहात आणि हाताखालच्या लोकांच्या खोट्या नोंदींत फसली. कागदावर ती अतिशय व्यवस्थित दिसत होती, शेतात तिचा मेळ बसेना, आणि रयतेस तिचा इतका जाच झाला की ती अखेर बाजूस ठेवावी लागली. 1835 साली इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम मांडले आणि 1847 च्या संयुक्त अहवालात, डेव्हिडसन यांच्यासह, त्याची पद्धत कायम केली. तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे, साखळीच्या वर्गाचा एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, ही त्या पैमाईशीची देणगी आजही नावड्यात रोजच्या बोलण्यात आहे. भाव सांगायचा झाला तर तो गुंठ्याचाच सांगतात.

परंतु त्या पद्धतीचा खरा कस साखळीत नव्हता, प्रतबंदीत होता. प्रतबंदीचा कारकून शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागात पहारीने खड्डा घेई, मातीचा रंग व पोत पाहून तिची जात ठरवी आणि खोली हाताने मोजी. उत्तम जातीची पावणेदोन हात खोल माती सोळा आण्यांची धरली जाई व तेथून उतरत नऊ वर्ग होत. त्यावर सात दोषांची चिन्हे होती: चुनखडीचे बारीक खडे, वाळूची मिसळ, उतार, मातीस बांधा नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली सापडण्याची भीती, आणि पाझराच्या पाण्याचा अतिरेक. एकेका दोषागणिक माती एकेक वर्ग खाली उतरे. या सातांपैकी निदान तीन दोष थेट पाण्याचे आहेत हे लक्षात घेतले म्हणजे, महसुलाच्या भाषेत का होईना, ओलीची पद्धतशीर नोंद महाराष्ट्रात तेव्हाच सुरू झाली असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय वरिष्ठ अंमलदार काही नंबरांवर स्वतः जाऊन पुन्हा खड्डे घेऊन तपासणी करीत. कोष्टक कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते जमिनीवर पडताळल्यावाचून ग्राह्य धरायचे नाही, हा धडा प्रिंगल यांच्या अपयशाने दिलेला होता.

हे कोष्टक देशावरच्या जिरायतासाठी होते. कोकणात ते जसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, 1883 साली ते कुलाब्यात आले. येथे भातजमीन निराळी, नाचणी-वरीची वरकस निराळी, आणि खाडीकाठची खार त्याहून निराळी. कासाडी नदीच्या खालच्या अंगास व पनवेलच्या खाडीकाठी भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालून, पावसाचे पाणी बाहेर सोडण्यास उघाडी ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या खाजणांची शेते करण्यात आली. बाहेरकाठ्यांची, म्हणजे बाहेरच्या बांधांची, दुरुस्ती राखणाऱ्या शिलोत्रदारांस कुळांनी भाताच्या रूपाने हिस्सा द्यावा अशी वहिवाट कुलाब्याच्या खारपट्ट्यात होती. या मातीचे वैशिष्ट्य असे की उन्हाळ्यात तिच्या पृष्ठावर मीठ फुलते आणि पावसाळ्यात ते धुऊन खाली उतरते. म्हणून खारेत मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत रूढ झाली. मे महिन्यातील खार आणि ऑगस्टमधील खार या एकाच सर्व्हे नंबराच्या दोन निराळ्या जमिनी होत, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

विसाव्या शतकात मातीच्या या स्वभावाचे मापन महसूल खात्याकडून विज्ञानाकडे आले. 1932 साली पुण्यास हवामानखात्याची कृषिविषयक शाखा सुरू झाली आणि तिची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. निरभ्र रात्री सर्वांत नीच तापमान जमिनीच्या पृष्ठावर असणार असे पुस्तके सांगत होती. रामदासांनी पुण्यात प्रत्यक्ष मोजून दाखविले की ते पृष्ठावर नसून वीतभर ते हातभर उंचीवर असते. प्रथम परदेशांतील शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसला नाही, पण पुढे मोजमापांनी ते सिद्ध झाले, आणि आज त्या थरास रामदासांचेच नाव आहे. भूपृष्ठाविषयी तर्काने जे अटळ वाटते ते मापनाने खोटे ठरू शकते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे मिळणे कठीण. त्याच सुमारास, 1933 साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला. रावबहादुर एन. व्ही. कानिटकर यांचा त्या विषयावरील ग्रंथ 1944 साली प्रसिद्ध झाला; मातीत ओल कशी मुरते व कशी टिकविता येते हाच त्या संशोधनाचा गाभा होता. आणि नावड्यापासून हाकेच्या अंतरावर, पनवेलीस, खारभूमी संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने 'पनवेल-1', 'पनवेल-2', 'पनवेल-3' या क्षार सहन करणाऱ्या भातजाती दिल्या, आणि ज्या मातीची वर्षभरातील खारट-गोड पालट शेतकरी जिभेने व नजरेने ओळखत होता ती आकड्यांत आणली.

या भूमिकेवर उपग्रहांचे प्रकरण सुरू होते. 7 जून 1979 रोजी उडालेल्या आपल्या 'भास्कर' उपग्रहावर सूक्ष्मतरंग मापणारे उपकरण होते. त्याचा मुख्य रोख सागर व वातावरण यांवर होता, आणि त्याच्या सुमारे दीड सेंटीमीटर लांबीच्या तरंगांना मातीत शिरता येण्यासारखे नव्हते. मातीत थोडे तरी उतरावयाचे तर तरंग लांब हवा. म्हणून 2009 साली युरोपने सोडलेला 'स्मॉस' आणि 31 जानेवारी 2015 रोजी अमेरिकेने सोडलेला 'स्मॅप' हे दोन्ही सुमारे 21 सेंटीमीटर लांबीच्या तरंगावर ऐकतात. त्यामागचे तत्त्व असे: कोरड्या मातीचा परावैद्युत स्थिरांक 3 ते 4 असतो, पाण्याचा सुमारे 80; त्यामुळे माती भिजली की तिच्यातून निघणारे सूक्ष्मतरंग क्षीण होतात, आणि या क्षीणतेवरून पाण्याचा अंश काढता येतो. परंतु हे ज्ञान वरच्या सुमारे पाच सेंटीमीटरपुरते, म्हणजे चार बोटांच्या आत-बाहेरचे आहे. ओलीला ओल भिडली किंवा नाही, हे उपग्रहास दिसत नाही.

शिवाय उपग्रह ओल मोजीत नाही. तो तरंग मोजतो आणि ओल अनुमानाने सांगतो. त्या अनुमानाची परीक्षा अगदी साध्या साधनांनी होते. उपग्रह सकाळी सहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, कारण त्या वेळी माती व पिके यांचे तापमान बहुतांशी सारखे झालेले असते. म्हणून माणसेही त्याच सुमारास शेतात उतरतात. ठराविक आकाराची लोखंडी नळी मातीत दाबून नमुना घेतात, वजन करतात, 105 अंश सेल्सिअसवर एक अहोरात्र सुकवितात आणि पुन्हा वजन करतात. समजा, नळीचे आकारमान 100 घनसेंटीमीटर, ओल्या मातीचे वजन 165 ग्रॅम आणि सुकलेल्या मातीचे 140. तर 25 ग्रॅम पाणी गेले, म्हणजे आकारमानाच्या शेकडा 25 भाग ओल होती. स्मॅपने स्वतःस घातलेली अट अशी की त्याची चूक शंभरात चार भागांपलीकडे जाऊ नये. आणि ती अट पाळली गेली की नाही, याचा निवाडा तागडीतले हे 25 ग्रॅम करतात.

त्याबरोबर भूपृष्ठाचा खडबडीतपणाही मोजावा लागतो. एका लांब आडव्या पट्टीत सारख्या अंतरावर सुटत्या सळया बसविलेल्या असतात. पट्टी शेतात उभी केली की प्रत्येक सळई आपल्याखालच्या ढेकळावर किंवा तासात टेकते, आणि सळयांच्या वरच्या टोकांची जी वेडीवाकडी रेघ उमटते ती जमिनीची मुद्रा होय. हे करावे लागते, कारण नांगरलेल्या कोरड्या शेताचा आणि सपाट ओल्या शेताचा, स्वतः तरंग सोडून त्याचा परतावा मोजणाऱ्या रडारकडे येणारा प्रतिसाद कधी कधी सारखाच असतो. तास रडारच्या दिशेने घातले की आडवे, पीक गुडघ्याइतके झाले की कंबरेइतके, हेही टिपावे लागते. प्रतबंदीच्या कारकुनाचे सात दोष येथे नव्या रूपाने पुन्हा भेटतात.

नावड्याची गोष्ट या दृष्टीने फार बोधप्रद आहे. स्मॅपचे मूळ घर 36 किलोमीटर बाजूचे, म्हणजे सुमारे 1,300 चौरस किलोमीटरचे. तेवढ्या एका घरात मुंबईचे बंदर, ठाण्याची खाडी, पारसिकचा डोंगर, नव्या मुंबईच्या इमारती आणि माथेरानची रांग हे सर्व एकत्र येऊ शकते. त्यातून निघणाऱ्या एका आकड्यात नावड्याचे खाचर कोठे आहे हे कोणास सांगता यावे? त्यात खारजमिनीचे मीठ पाण्याचे विद्युत्‌गुण बदलते, आणि लांब तरंगांना ते अधिक जाणवते. तेव्हा मिठाचा हिशेब ठेवल्यावाचून खारेची ओल वरून खरी कळणे अवघड. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून भारत व अमेरिका यांचा 'निसार' उडाला. तो बारा दिवसांनी त्याच जागी परत येतो आणि 200 मीटर बाजूच्या चौकटीत मातीची ओल सांगण्याचा त्याचा संकल्प आहे. 200 मीटरचा चौरस म्हणजे चारशेला थोडे कमी गुंठे. उपग्रह आता गावाच्या शिवाराच्या मापात येऊन बोलू लागला आहे. पुण्यास पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या आवारात 2017 पासून वैश्विक किरणांपासून उपजणारे न्यूट्रॉन मोजून सुमारे दोनशे मीटर त्रिज्येतील ओल सतत नोंदली जाते. नळी व तागडीचा एकेक बिंदू आणि उपग्रहाचे विशाल घर यांच्यामधला तो पूल होय. कोकणच्या खाडीकाठीही असा पूल बांधावा, असे मला मनापासून वाटते.

पण पूल टेकण्यास जमीन हवी. नावड्याच्या आसपास खाचरांत मुरुमाचा भराव पडत आहे. भरावाला अंगओल नसते, पाऊस त्यावरून वाहून जातो, आणि तेथे नळी दाबून जे हाती येईल त्याचा येथल्या मातीशी काही संबंध नसेल. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र, आकार, पीक यांना रकाने आहेत. जमिनीच्या अंगच्या ओलीला रकाना नाही, आणि ज्या गोष्टीला रकाना नाही ती हिशेबात न धरता जाते. पनवेलजवळ खारभूमीचे केंद्र आहे, गावात खार जाणणारी वडीलधारी माणसे अद्यापि आहेत. या दोघांच्या विचाराने दोन-चार खाचरे मोकळी राखली, आणि पावसाळ्याच्या आरंभापासून वाल काढीपर्यंत दर बारा दिवसांनी तेथील ओल व मीठ नोंदले, तर निसारच्या चारशे गुंठ्यांच्या आकड्यास नावड्याची साक्ष मिळेल. भात कापून झाल्यावर वाल टाकण्यापूर्वी जो शेतकरी वाकून बोटभर माती उकरतो, त्यास काय सापडले हे त्याच दिवशी कोणी तरी वहीत लिहून ठेवावे, एवढीच यासाठी गरज आहे.