निळ्या रेषेची कुळकथा

पूररेषेच्या नकाशावर नदीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन रेघा असतात: आतली निळी, बाहेरची लाल. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर चढतो ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो ती लाल. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, म्हणजे तिथे बांधकाम करायचे नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ च्या परिपत्रकाने या रेघा रूढ केल्या. नदीकाठच्या गावाला त्याआधीही पूररेषा ठाऊक होती. पूर ओसरला की बाभळीच्या काट्यांत काडीकचरा अडकून राहतो आणि तो किती उंचीवर लोंबतो, यावरून जुनी माणसे पुराचे माप सांगत.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या नीरा, कऱ्हा आणि भीमा या नद्यांशी कायद्याची पहिली गाठ मात्र त्यांना वळवण्यासाठी पडली. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या पाटबंधारे कायद्याने कुठल्याही नदीचे पाणी कालव्यासाठी घेत असल्याचे अधिसूचनेने जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, १९२८ मध्ये भाटघरचे आजचे धरण उभे राहिले आणि पुढे वीर धरण झाले. या पाण्याने दुष्काळी मुलूख उसाचा झाला, हे विसरून चालणार नाही. पण तेव्हापासून आवर्तनाची तारीख ठरते ती कालव्याची. नदीला तारीख नसते. भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूरच्या उत्तरेची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर आता उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावरच उघडे पडते.

नदीचे वाहणेच राखणारा कायदा अमेरिकेने १९६८ मध्ये केला. निवडक नद्यांवर नवे धरण बांधायला त्याने मनाई केली. सुरुवातीला अशा आठ नद्या होत्या. भारतात याच्या जवळपास जाणारी तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे: अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा प्रवाह परवान्याशिवाय अडवता वा वळवता येत नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांचे. पण ते गवताळ माळरान. नीरा आणि कऱ्हा दोन्ही त्याच्या हद्दीबाहेर वाहतात.

राज्याने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आणले. नदीच्या वर्गवारीनुसार काठापासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना त्यात बंदी होती. २००९ मध्ये ते बदलले आणि २०१५ मध्ये मागे घेतले गेले. काठावरच्या बांधकामाला आवर घालायला मुख्यतः निळी रेषाच उरली.

तिचा मूळ हेतू घरे वाचवण्याचा. काठ वाचला तो ओघाने. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर आला आणि नाझरे धरणातून सुटलेल्या पाण्यामुळे बारामतीत काठच्या लोकांना हलवावे लागले, तेव्हा त्या हेतूची निकड दिसली. मार्च-एप्रिलमध्ये पात्रात किती पाणी वाहते राहावे, हे ही रेषा सांगत नाही. त्यासाठी वेगळा कायदाच हवा. तो होईपर्यंत निळ्या रेषेच्या आत एक पाटीही भराव पडू देऊ नये.